मोटरसायकलचे नाक का बुडते?

मोटरसायकलवर कुणाच्या तरी मागे बसून तुम्ही प्रवास केलाच असेल. चालकाने पुढचा ब्रेक एकदम दाबला, की गाडीचे तोंड खाली जाते, मागचा माणूस पुढे घसरतो, आणि गाडी थांबली की तोंड पुन्हा वर येते. हे इतके नेहमीचे आहे, की त्याचा विचार करावा असे कुणाला वाटत नाही. माझ्या भाच्यावर मात्र तशी पाळी आली.

हा भाचा अमेरिकेत, कॅलिफोर्निया राज्यात नोकरी करतो. त्याने तेथे मातीच्या वाटांवर चालवायची एक उंच मोटरसायकल घेतली. तिची मूळची मोठी चाके काढून लहान, रुंद, डांबरी रस्त्याची चाके बसवली आणि ती शहरात चालवू लागला. एके दिवशी चेंडूमागे धावणारे एक मूल अचानक रस्त्यात आले. भाच्याने जोराने ब्रेक दाबला. गाडीचे तोंड भसकन खाली गेले, मागचे चाक हलके होऊन एका बाजूला सरकले आणि गाडी कशीबशी थांबली. मूल वाचले, भाचाही वाचला. पण त्याच रात्री त्याचा फोन आला. आपल्याकडे तेव्हा सकाळ होती.

"मामा, तुम्ही शाळेत स्प्रिंगचा धडा शिकवता ना? मग सांगा, माझ्या गाडीचे नाक इतके का बुडते?"

त्याला जे सांगितले तेच येथे तुम्हाला सांगतो. यात नववी-दहावीच्या पलीकडचे गणित फारसे नाही.

दोन रस्ते, दोन गाड्या

मातीची गाडी रस्त्यावर आणण्याची कल्पना जुनी आहे. १९७९ साली कॅलिफोर्नियातील कार्ल्सबाड येथे दूरचित्रवाणीसाठी एक शर्यत भरवण्यात आली. तिचा मार्ग काही भाग मातीचा, तर काही भाग डांबरी होता. डांबरावर धावणारे, मातीत उड्या मारणारे आणि मातीच्या गोल मार्गावर घसरत वळणारे, अशा तिन्ही प्रकारच्या शर्यतपटूंना एकत्र आणून त्यांत सर्वांत तरबेज कोण हे पाहायचे होते. त्यासाठी मातीच्या गाड्यांना रस्त्याचे टायर बसवले गेले. पुढे हा प्रकार युरोपात, विशेषतः फ्रान्समध्ये फोफावला. आज त्याला 'सुपरमोटो' म्हणतात. काही कारखान्यांनी अशा गाड्या तयार करूनच विकल्या. सुझुकी कंपनीच्या डीआर-झेड ४०० या गाडीचा रस्ता आणि माती दोन्हींवर चालणारा प्रकार २००० साली आला. त्याचे पुढचे चाक २१ इंची आणि मागचे १८ इंची होते. २००५ साली तिचाच सुपरमोटो प्रकार आला, त्याची दोन्ही चाके १७ इंची होती. पण कारखान्याने नुसती चाके बदलली नाहीत, पुढचा चिमटाही निराळा बसवला आणि त्याची चाल कमी केली. भाच्याने नेमके हेच केले नव्हते. चाके रस्त्याची झाली, पण चिमटा मातीचाच राहिला.

चिमटा म्हणजे काय हे सायकलवाल्यांना सांगायला नको. पुढचे चाक ज्या दोन पायांत धरलेले असते तो चिमटा. सायकलच्या साध्या चिमट्याचे पाय भरीव वाटतात. मोटरसायकलच्या चिमट्याचा प्रत्येक पाय म्हणजे दुर्बिणीप्रमाणे एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या असतात. आत एक लांब स्प्रिंग, थोडे तेल आणि वर कोंडलेली हवा असते. तेलाने धक्के शमवणारा असा चिमटा कारखान्यातून विक्रीस निघालेल्या गाडीवर प्रथम आला तो १९३५ साली, जर्मनीच्या बीएमडब्ल्यू आर १२ या मोटरसायकलवर. नळ्या एकमेकींत जास्तीत जास्त जितक्या सरकू शकतात ते अंतर म्हणजे चिमट्याची चाल.

मातीच्या गाडीची चाल सुमारे ३०० मि.मी. असते, साध्या रस्त्याच्या गाडीची १२० ते १३० मि.मी. हा फरक कशासाठी? क्रिकेटमध्ये झेल घेताना तुम्ही हात मागे नेता, त्याचसाठी. समजा, गाडी १ मीटर उंचीवरून खाली आली. ती थांबवण्यासाठी ३०० मि.मी. अंतर मिळाले, तर सरासरी बल गाडीच्या वजनाच्या सुमारे सव्वाचार पट लागते. अंतर १०० मि.मी.च मिळाले, तर तेच बल ११ पट होते. म्हणून उड्या मारणाऱ्या गाडीला लांब चाल आणि मऊ स्प्रिंग हवी. डांबरावर उड्या नसतात. तेथे असतो जोराचा ब्रेक.

ब्रेक दाबल्यावर किती वजन पुढे जाते?

ब्रेकचे बल टायर आणि रस्ता यांच्या स्पर्शाच्या जागी, म्हणजे जमिनीवर लागते. गाडी आणि स्वार यांचा गुरुत्वमध्य मात्र त्याच्या बराच वर असतो. त्यामुळे सगळी गाडी पुढच्या बाजूला उलटू पाहते. परिणामी पुढच्या चाकावरचा भार वाढतो आणि मागच्या चाकावरचा तेवढाच कमी होतो. हिशेब सोपा आहे:

सरकलेला भार = वस्तुमान × मंदन × गुरुत्वमध्याची उंची ÷ दोन चाकांतील अंतर

गाडी आणि स्वार मिळून २०० कि.ग्रॅ., मंदन दर सेकंदाला ६ मीटर प्रतिसेकंद, गुरुत्वमध्याची उंची ७० सें.मी. आणि चाकांतील अंतर १४० सें.मी. धरू. उत्तर येते ६०० न्यूटन. म्हणजे जवळजवळ एका माणसाचे वजन मागच्या चाकावरून उचलून पुढच्या चाकावर ठेवल्यासारखे झाले!

आता हूकचा नियम आठवा. स्प्रिंग जितकी दाबावी तितके तिचे बल वाढते. भाच्याच्या चिमट्यातील प्रत्येक स्प्रिंग १ मि.मी. दाबायला ४.५ न्यूटन लागत. दोन पायांत दोन स्प्रिंगा, म्हणून एकूण ताठरता ९ न्यूटन प्रति मि.मी. तेव्हा ६०० न्यूटनांनी चिमटा ६०० ÷ ९ = ६७ मि.मी. आणखी खाली बसणार. (चिमटा तिरका असल्याने ब्रेकचे बलही त्याला दाबण्यात भर घालते, तर आतली हवा विरोध करते. सोपेपणासाठी दोन्ही बाजूला ठेवू.) पुढून गाडी बसते त्याच वेळी मागून ती उचलली जाते. नाक बुडण्याचे कारण सापडले.

कसलेली स्प्रिंग कडक होते का?

भाच्याने पहिला उपाय केला तो सर्वांना सुचतो तोच. चिमट्याच्या टोपणावरचा स्क्रू फिरवून त्याने स्प्रिंगा आणखी कसल्या. गाडी पुढून उंच झाली, त्यामुळे त्याला वाटले काम झाले. पण ब्रेक दाबल्यावर नाक पूर्वीइतकेच बुडू लागले!

असे का व्हावे? स्प्रिंग आधीच दाबून ठेवण्याला आपण 'पूर्वदाब' म्हणू. नुसते उभे असताना पुढच्या स्प्रिंगांवर ९०० न्यूटन भार असेल, तर त्या एकूण १०० मि.मी. दबणार. त्यांतले २० मि.मी. पूर्वदाबाने आधीच दबलेले असतील, तर चिमटा ८० मि.मी. बसेल. पूर्वदाब ४० मि.मी. केला तर तो ६० मि.मी. बसेल. गाडी २० मि.मी. उंच झाली खरी, पण पुढचे ६०० न्यूटन आले की दोन्ही वेळा ती ६७ मि.मी.च खाली जाते. पूर्वदाबाने उंची बदलते, ताठरता बदलत नाही.

मग पूर्वदाब निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. स्वार बसल्यावर चिमटा जेवढा बसतो त्याला गाडीवाले 'सॅग' म्हणतात. ती एकूण चालीच्या पाव ते एक-तृतीयांश असावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. सॅग असल्यामुळेच खड्डा आला की चाक खाली उतरून रस्ता धरून ठेवू शकते. स्प्रिंग फार कसली, तर चाकाला खाली जायला जागा राहत नाही आणि ते खड्ड्यावरून अधांतरी जाते. अधांतरी चाक ब्रेकही लावू शकत नाही आणि वळूही शकत नाही.

ताठरता वाढवायची तर स्प्रिंगच बदलावी लागते. स्प्रिंगची तार १० टक्के जाड केली, तर ताठरता सुमारे ४६ टक्के वाढते, कारण ती तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. भाच्याने ५.५ न्यूटन प्रति मि.मी.च्या स्प्रिंगा घातल्या. आता ६०० ÷ ११ = ५५ मि.मी. बुडणे कमी झाले, पण थांबले नाही. ते पूर्ण थांबवायचे ठरवले, तर स्प्रिंग इतकी ताठ होईल की गाडी दगडावर आदळल्यासारखी चालेल.

तेलाचे काम

नुसती स्प्रिंग असती तर एका खड्ड्यानंतर गाडी पाळण्यासारखी कितीतरी वेळ खालीवर होत राहिली असती. स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत करते, ती नाहीशी करत नाही. ही ऊर्जा शमवण्याचे काम तेलाचे. चिमटा दबला की तेलाला बारीक छिद्रांतून वाट काढावी लागते. त्या खटाटोपात ऊर्जेची उष्णता होते. याला अवमंदन म्हणतात. खडकाळ वाटेवर बराच वेळ गाडी चालवली की चिमट्यातले तेल गरम होते ते यामुळे. गरम तेल पातळ होते आणि अवमंदनही कमी होते.

आता एक गंमत पाहा. तेल छिद्रातून जोरात जाते तेव्हा त्याचा विरोध ढोबळ मानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ब्रेक दाबल्यावर चिमटा सुमारे पाव-अर्ध्या सेकंदात ६०-७० मि.मी. दबतो, म्हणजे त्याचा वेग सेकंदाला ०.२ मीटरच्या आसपास. आता ताशी ५४ कि.मी., म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाने जाताना ३० मि.मी. उंचीचा उंचवटा आला आणि चाकाला त्यावर चढायला रस्त्याची १५ सें.मी. लांबी मिळाली असे समजा. हे अंतर कापायला लागतो एका सेकंदाचा शंभरावा भाग. तेवढ्यात चाक ३० मि.मी. वर जायला हवे, म्हणजे वेग सेकंदाला ३ मीटर! टायर यातला काही भाग स्वतः गिळतो, तरीही हा वेग ब्रेकच्या वेळच्या वेगाच्या १५ पट आहे. १५ चा वर्ग २२५. ब्रेकच्या वेळी पुरेसा विरोध होईल इतके लहान छिद्र ठेवले, तर उंचवट्यावर तेच छिद्र शेकडो पट विरोध करील आणि चिमटा लोखंडी कांबीसारखा ताठ होईल.

यावर अभियंत्यांनी छान तोड काढली. तेलाच्या वाटेवर पातळ पोलादी चकत्यांची चळत ठेवायची. तेल सावकाश वाहते तेव्हा चकत्या मिटलेल्या असतात आणि तेल लहान छिद्रातूनच जाते. दाब वाढला की चकत्या वाकतात आणि मोठी वाट उघडते. चिमट्याला बाहेरून जो स्क्रू असतो तो बहुधा त्या लहान छिद्राचा असतो. म्हणून या स्क्रूच्या संदर्भात 'कमी वेग' म्हणजे गाडीचा कमी वेग नव्हे, तर चिमट्याच्या हालचालीचा कमी वेग, हे लक्षात ठेवा. ताशी शंभर कि.मी. वेगाने जाणारी गाडी ब्रेक लावते, तेव्हाही चिमटा सावकाशच दबतो.

भाच्याने उत्साहाच्या भरात हा स्क्रू पूर्ण बंद केला. बुडणे संथ झाले, पण खडबडीत रस्त्यावर पुढचे चाक टणटण उडू लागले. मग त्याने स्क्रू निम्मा उघडला.

उसळतानाचा तेलाचा विरोध वेगळ्या स्क्रूने ठरतो. तो फार कमी असेल, तर ब्रेक सोडताच नाक उडी मारून वर येते, आणि तेही नेमके वळणाच्या तोंडाशी. फार जास्त असेल, तर निराळीच फसवणूक होते. दीड-दीड मीटरवर उंचवटे असले, तर ताशी ५४ कि.मी. वेगात दर दशांश सेकंदाला एक धक्का बसतो. पहिल्या धक्क्याने दबलेला चिमटा वर येण्याआधीच दुसरा येतो, मग तिसरा. चिमटा पायरीपायरीने खाली जातो आणि शेवटी त्याला चालच उरत नाही. स्वाराला वाटते स्प्रिंग मऊ आहे, आणि तो नेमका उलटा उपाय करतो.

बॉइलचा नियमही येथेच

चिमट्यात तेलाच्या वर हवा असते. ती बाहेर जाऊ शकत नाही, म्हणून तीही एक स्प्रिंगच होते. समजा, चिमटा पूर्ण उघडा असताना हवेचा स्तंभ ४०० मि.मी. आहे. चिमटा १५० मि.मी. दबला की तो २५० राहील आणि दाब १.६ पट होईल. ३०० मि.मी. दबला की स्तंभ १०० उरेल आणि दाब ४ पट होईल. आता तेलाची पातळी ४० मि.मी. वाढवा. सुरुवातीचा स्तंभ ३६०. मध्यावर दाब १.७ पट, म्हणजे जवळजवळ पूर्वीइतकाच. पण शेवटी स्तंभ ६० मि.मी. उरतो आणि दाब ६ पट होतो! थोडे तेल वाढवल्याने चिमटा सुरुवातीला तसाच मऊ राहतो, फक्त तळाशी आदळत नाही. मात्र हद्द ओलांडली तर हवेला जागाच राहणार नाही आणि आतल्या दाबाने तेल रोखणारे सील फाटेल.

चाक लहान झाले की काय होते?

खुर्चीखालचे फिरते चाक पाहा. ते नेहमी आपल्या खिळीच्या मागे राहते, म्हणून खुर्ची ढकलली की आपोआप सरळ होते. मोटरसायकलच्या पुढच्या चाकाचेही तसेच आहे. ज्या तिरक्या अक्षाभोवती हँडल फिरते तो अक्ष जमिनीपर्यंत वाढवला, तर तो टायर टेकतो त्या जागेच्या थोडा पुढे जमिनीला मिळतो. या अंतराला ट्रेल म्हणतात. ट्रेल मोठा असेल तर गाडी सरळ जाण्याचा हट्ट धरते, लहान असेल तर चटकन वळते.

२१ इंची चाकाची टायरसह त्रिज्या सुमारे ३४७ मि.मी. असते, १७ इंचीची सुमारे ३०० मि.मी. अक्षाचा तिरकेपणा २७ अंश आणि चाकाचा आस त्या अक्षाच्या ५७ मि.मी. पुढे धरला, तर ट्रेल ११३ मि.मी.वरून ८९ मि.मी.वर येतो. शिवाय ब्रेक लावून नाक बुडाले की अक्ष आणखी उभा होतो आणि ट्रेल आणखी घटतो. म्हणजे भाच्याची गाडी मुळातच चंचल झाली होती, आणि ब्रेक लावताच ती अधिक चंचल होत होती. त्या संध्याकाळी ती डगमगली यात नवल नाही.

वहीतले उत्तर

शेवटी भाच्याला मी एकच अट घातली, "एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची." त्याने चिमट्याच्या सरकणाऱ्या नळीवर प्लॅस्टिकची एक पट्टी घट्ट बांधली. चिमटा दबला की पट्टी सरकते आणि तेथेच राहते, म्हणजे किती चाल वापरली गेली ते मोजपट्टीने कळते. एका मोकळ्या आवारात त्याच जागी, त्याच वेगाने तो रोज ब्रेक लावून पाहू लागला. आधी सॅग, मग उसळीचा स्क्रू, मग दाबाचा, शेवटी तेल. तीन आठवड्यांनी त्याची वही भरली आणि गाडी शहाणी झाली. नाक अजूनही बुडते. ते थोडे बुडायलाच हवे, कारण त्यामुळे पुढच्या टायरवर भार हळूहळू येतो आणि टायर रस्ता घट्ट धरतो. पण आता ते किती आणि किती वेगाने बुडावे हे भाचा ठरवतो.

एक इशारा. आपल्या देशात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपुस्तकातील तपशील कारखान्याने ठरवलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल वाहनात करता येत नाही. घरच्या गाडीची चाके बदलण्याचा किंवा स्प्रिंग कापण्याचा विचारही करू नका. प्रयोग करायला गाडी लागत नाही. खालची सामग्री पुरे.

करून पाहा

१. प्रयोगशाळेतील स्प्रिंगला ५०, १००, १५० ग्रॅम वजने टांगून लांबीतील वाढ मोजा आणि आलेख काढा. तो सरळ रेषा येतो का?

२. त्याच स्प्रिंगला वजन टांगून थोडे ओढून सोडा आणि थांबेपर्यंतची आंदोलने मोजा. मग वजन पाण्यात बुडालेले ठेवून मोजा, नंतर गोडेतेलात. आंदोलने सर्वांत लवकर कशात थांबली?

३. सुई नसलेल्या इंजेक्शनच्या नळीत पाणी भरून दट्ट्या आधी सावकाश, मग जोरात दाबा. वेग दुप्पट केल्यावर बोटाला जोर दुप्पटच लागतो, की जास्त? गोडेतेल भरून पुन्हा पाहा.

४. नळीत नुसती हवा घ्या, तोंड बोटाने बंद करा आणि दट्ट्या दाबा. शेवटचा भाग दाबायला सर्वांत कठीण का जातो?

उत्तरे वहीत लिहा. पुढच्या वेळी कुणी ब्रेक दाबला आणि गाडीचे नाक बुडाले, की ही वही आठवेल.